पिवळ्या पट्ट्यांचे चाचा

माझ्या सासऱ्यांच्या गाडीची हवा चाचांनी सोडली, तेव्हा मला त्यांच्या बिल्डिंगीत दुकान टाकून जेमतेम महिना झाला होता. सासरे सासवडहून जावयाचं दुकान बघायला आलेले. जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हणजे आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचं माझं दुकान. चहा झाला, पेढे झाले, तार कशी गुंडाळतात ते मी कौतुकानं दाखवलं, आणि निरोप द्यायला बाहेर आलो तर गाडीचं मागचं चाक पार जमिनीला टेकलेलं. शेजारी बिल्डिंगीचे मालक, म्हणजे चाचा, पायपंप घेऊन उभे.

"पावनं, हवा म्या सोडली," ते अगदी अदबीनं म्हणाले. "भरायची तुमी. पंप ह्यो माझा घ्या."

सासरे माझ्याकडं बघायला लागले आणि मी चाचांकडं. रागानं माझी कानशिलं तापली. पण महिन्याभराच्या भाडेकरूनं मालकाला बोलायचं तरी काय? मुकाट्यानं पंपावर पाय ठेवला. मी घामाघूम होऊन हवा भरतोय आणि चाचा माझ्या सासऱ्यांना समजावून सांगतायत की हे पिवळ्या पट्ट्यांमधलं ठिकाण माल चढ-उतार करायचं, पलीकडचे चौकोन गाड्या लावायचे, आणि हे सगळं मंजूर नकाशात असल्यामुळं त्यात त्यांचं स्वतःचं म्हणून काही नाही. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. गाडीत बसताना मला एवढंच म्हणाले, "दुसरीकडं दुकान मिळत न्हाई का?"

मिळत होतं की. कापूरहोळला भोरचा रस्ता हायवे सोडून वळतो तिथं गाळ्यांना काय तोटा? पण मोटार दुरुस्तीला आणणारा माणूस टेम्पोतून येतो. विहिरीतून काढलेली ओली, जड मोटार त्याला दुकानाच्या दाराशी उतरवावी लागते, आणि सगळ्या फाट्यावर दाराशी टेम्पो लागेल अशी बिल्डिंग ही एकच. बाकी ठिकाणी पार्किंग कागदावर. मंजुरीपुरतं पार्किंग दाखवायचं, तपासणी होऊन साहेब गेले की शटर बसवून गाळा काढायचा, हा आमच्याकडचा रिवाज. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पार्किंगात हॉटेल आहे, पार्किंगात मोबाईलचं दुकान आहे, पार्किंगात दाताचा दवाखाना आहे, आणि गाड्या सगळ्या रस्त्यावर. अशा गावात नकाशातलं पार्किंग खरंच मोकळं ठेवणारा माणूस भेटला की आधी वाटतं याच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे.

चाचा मूळचे भोरचे. उभी नोकरी एसटीत केली आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे ठरवण्यात आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर माणूस बदलला नाही, नुसतं स्टँड बदललं. खाकी शर्ट, जाळीची पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. माझ्या शेजारच्या पशुखाद्याच्या दुकानाचा टेम्पो मागं घेताना ड्रायव्हर आरशात बघायचा नाही, चाचांच्या शिट्टीवर घ्यायचा. दसऱ्याच्या आधी ते स्वतः उकिडवे बसून पिवळ्या ऑइलपेंटनं पट्टे मारायचे आणि रंग वाळेपर्यंत बिल्डिंगीत कुणी गाडी आणायची नाही. एकदा वाळायच्या आत एक शेळी त्यावरून चालत गेली. चाचांनी शेळीला काही केलं नाही, पण शेळीवाल्याला तासभर थांबवून पट्टा परत मारून घेतला.

मंजूर नकाशा त्यांनी काचेच्या फ्रेममध्ये घालून जिन्यात लावला होता. वर एक छोटा बल्ब. शुक्रवारी नमाज पढून आले की खिशातल्या रुमालानं काच पुसायचे. "नकाशा म्हंजी जबान हाय," असं त्यांचं म्हणणं. "सरकारला दिल्याली जबान." आम्ही भाडेकरू रोज त्या नकाशापुढून ये-जा करायचो आणि एकानंही तो कधी नीट बघितला नाही. देवाच्या फोटोला रोज हात जोडतो, पण देवाच्या हातात काय काय आहे ते कुठं बघतो आपण? तसंच ते.

गाडी किती वेळ उभी आहे हे ओळखायची त्यांची रीत तर जगावेगळी. घड्याळ बघायचे नाहीत. पोराचा ताप बघावा तसा पालथा हात बॉनेटवर ठेवायचे. बॉनेट तापलेलं असेल तर गाडी आत्ता आली, माल उतरेपर्यंत थांबू दे. कोमट असेल तर शिट्टी. गार असेल तर हवा गेली. भोरचा वकील असो, नाहीतर गुळगुळीत गाडीतून आलेला पुण्याचा पाहुणा असो, निवाडा हातानंच व्हायचा. मी कितीदा म्हणालो, "चाचा, माणसं शिव्या देतात." तर म्हणायचे, "देऊ दे लेका. शिव्यानं गाडी हलत न्हाई."

आता चाचींचं सांगायला पाहिजे, कारण त्यांच्यावाचून ह्या माणसाचं काही खरं नाही.

चाचींचे गुडघे पार गेलेले. जिना चढायची बात नाही. म्हणून नवराबायको वरच्या मजल्यावरची घरं सोडून खाली, पार्किंगच्या कडेच्या एका खोलीत राहायचे. खोलीला अंगणाकडं मोठी खिडकी, खिडकीला लागून पलंग, आणि पलंगावर चाची. ती खिडकी म्हणजेच त्यांचं घराबाहेर जाणं. टेम्पोवाला आला की त्याला लेकीच्या बाळंतपणाचं विचारणार, पशुखाद्यवाल्याला त्याचं पोट वाढल्याचं सुनावणार, माझी बायको डबा घेऊन आली की आधी डबा उघडून बघणार. कुणाची सोयरीक कुठं अडलीय हे आम्हाला चाचींकडून कळायचं. चाचांवर तर तोंड अखंड चालू. "अवो, त्या गाडीला ताप हाय का बघा," त्या ओरडायच्या, "नसला तर मला तरी बघा, मला सकाळधरनं कणकण हाय." चाचा मान वर न करता म्हणायचे, "आलू, आलू." आणि खरंच जाऊन त्यांच्या कपाळाला हात लावायचे. भर अंगणात, सगळ्यांच्या देखत. आम्हीच लाजून दुसरीकडं बघायचो.

त्याच चाचांनी वडापाववाल्या मावशींचा गाडा हलवला तेव्हा मी हबकलोच. मावशी वर डोंगरातल्या, हिर्डोशीकडच्या. नवरा गेल्यावर खाली उतरून फाट्यावर आलेल्या. गाडा कोपऱ्यात लावायच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त गाड्याचं एक चाक पिवळ्या पट्ट्याच्या आत. चाचांनी आधी सांगितलं, मग शिट्टी वाजवली, आणि एक दिवस सरळ गाडा ढकलत रस्त्यापलीकडं नेऊन ठेवला. मावशी पदर तोंडाला लावून मागनं चालत होत्या. आम्ही सगळे दुकानांच्या दारात उभे, आणि एकाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही. बोलल्या त्या एकट्या चाची. "त्या बाईला ऱ्हाऊ द्या," खिडकीचे गज धरून त्या ओरडत होत्या, "एका चाकानं काय बुडतंय तुमचं?" चाचा परत आले, हात धुतले, म्हणाले, "एकाला जागा दिली की दुसऱ्याला न्हाई कसं म्हनू?" पलीकडं मावशींचं गिऱ्हाईक तुटलं. पुढं त्या परत गावाला निघून गेल्या. गाडा हलवला त्या रात्री मी घरी जेवलो नाही, इतका मला त्या माणसाचा संताप आला होता.

माझ्या धंद्याचंही मग तेच झालं, म्हणजे गिऱ्हाईक तुटलं. नव्या मोटारी गॅरंटीच्या यायला लागल्या. जळाली तर कंपनी बदलून देते, मग भरून कोण घेतोय? दुकानात माशा मारत बसायची पाळी आली. समोरून मात्र भोरकडं, वरंध्याच्या घाटाकडं फिरायला जाणाऱ्या विजेवरच्या गाड्या वाढत होत्या आणि चार्जिंग कुठं मिळेल म्हणून माणसं मला विचारत होती. विजेचं काम मला येतं, जोडणी कशी मिळवायची ते माहीत होतं. भीतभीत चाचांना म्हणालो, अंगणात एक चार्जिंगची जागा करू या.

"नकाशात न्हाई," चाचा म्हणाले. विषय संपला.

चार दिवसांनी बघतो तर चाचा सकाळच्या एसटीनं पुण्याला. परत आले ते नव्या नियमाच्या कागदांची चळत घेऊन. दुपारी मला बसवलं, म्हणाले वाच. नियम सांगत होता की पार्किंगातली काही जागा चार्जिंगला द्यायलाच पाहिजे, जिन्याच्या तोंडाशी देऊ नये, आणि त्यापायी माल चढ-उताराची जागा खायची नाही. चाचांचा चेहरा असा फुलला की मी थक्क. माझ्या पोटापाण्यासाठी तोंडातून हो निघालं नव्हतं, ते नियमासाठी निघालं. "मग करायलाच पायजे की लेका," म्हणाले. "आधी का न्हाई बोललास?" सुधारित नकाशाचा अर्ज त्यांनीच दिला, खेपा त्यांनीच घातल्या. माझी बायको त्यांच्यासाठी डब्यात गोडाचं घालायला लागली.

तपासणीला साहेब येणार ती शुक्रवारची दुपार. चाचा नमाजाहून परतले तर माल चढ-उताराच्या जागेत एक पांढरी गाडी. आत कुणी नाही. चाचांनी पालथा हात बॉनेटवर ठेवला. गार. दगडासारखं गार. म्हणजे सकाळपासून कुणीतरी गाडी सोडून ढाब्यावर जाऊन बसलंय. चाचा खाली वाकले.

मी दुकानातून धावत आलो तेव्हा हवेचा शेवटचा फुस्स ऐकू आला. साहेब चाचींच्या खिडकीशी उभे राहून त्यांच्या हातचा चहा पीत होते. कपाची बशी तशीच धरून ते गाडीकडं बघत राहिले. गाडी साहेबांचीच होती, विजेवरची, पुण्याहून नुकतीच आलेली. तिचं बॉनेट तापणार कसं? एवढी वर्षं हातानं निवाडा करणारा माणूस, आणि ज्या गाड्यांसाठी खेपा घालत होता, त्या गाडीला इंजिन नसतं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला ब्रह्मांड आठवलं. गेलं सगळं, म्हटलं, आता हा साहेब चार्जरच काय, आमची दुकानं पण राहू देत नाही.

चाचांनी हात जोडले. त्यांना हात जोडताना मी पहिल्यांदा बघत होतो. "साहेब, चूक माझी. हवा म्याच भरतू," म्हणाले, आणि त्या वयात पायपंप मारायला लागले. मी पुढं झालो तर मला कोपरानं मागं सारलं. धाप लागली, टोपी सरकली, तरी थांबेनात. साहेबांचा राग त्या धापेबरोबर उतरत गेला. शेवटी तेच म्हणाले, "बास चाचा, चला, काम करून टाकू." मग टेप काढली, जिन्यातला नकाशा बघितला, अंगण मोजलं, परत नकाशा बघितला. आणि चाचींच्या खोलीपाशी येऊन थांबले.

"ही खोली नकाशात नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "इथं पार्किंग दाखवलंय. जिना आणि माल उतरायची जागा सोडली तर चार्जिंगची जागा पण नियमानं इथंच येते."

मी हसलोच. म्हटलं, साहेब चुकतायत. आणि चाचांकडं बघितलं तर चाचा जमिनीकडं बघत होते.

"व्हय साहेब. न्हाई नकाशात."

सगळ्या फाट्याला इंचाइंचावरून पळवणारा हा माणूस, रुमालानं तो नकाशा पुसणारा, याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. साहेब चांगला माणूस होता. खिडकीतल्या चाचींकडं त्यानं एकदा बघितलं, टेप गुंडाळली आणि म्हणाला, "राहू द्या. आजी कुठं जातील? मी काही बघितलं नाही. चार्जिंग दुसऱ्या चौकोनात दाखवू, खोलीचा उल्लेख करत नाही."

"लिवा," चाचा म्हणाले.

"चाचा, अहो—"

"लिवा साहेब. हिला जिना चढवंना, म्हनून म्या खोली काडली. मनात व्हतं, एवढं एक चालंल. मग त्या बाईचा गाडा ह्याच हातानं ढकलला. तवा तिला कोन म्हनलं का, ऱ्हाऊ दे? म्हनली ती ही एकली."

खिडकीतून चाचींचा आवाज आला. ओरडून नाही, नेहमीच्या आवाजातही नाही. "म्या म्हनलं व्हतं तिला ऱ्हाऊ द्या. मला काडा न्हाई म्हनलं."

मला वाटलं आता चाचा विरघळतील. बाईनं इतकी साधी गोष्ट सांगितली होती, चूक दुरुस्त करायची दुसरी वाट दाखवली होती. मी मध्ये पडलो. म्हणालो, "चाचा, मला चार्जर नको. मी मागे घेतो सगळं." खरंच मनापासून म्हणालो.

"आता तुझा सवाल न्हाई ऱ्हायला लेका," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आणि पशुखाद्यवाल्यानं चाचींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. चाचा खुर्चीला हात लावायला आले तर चाची म्हणाल्या, "तुमी नका." बास, एवढंच. जिन्याच्या वळणावर त्यांनी माझं मनगट असं घट्ट धरलं की वळ उठले. वरच्या खोलीची खिडकी मागच्या भाताच्या खाचरांकडं उघडते. तिकडं बगळे दिसतात, माणूस दिसत नाही. आम्ही त्यांना तिथं बसवतोय आणि खाली पहिला घाव पडला. चाचांनी गवंडी बोलावलाच नव्हता. खिडकीची चौकट ते स्वतः पहारीनं काढत होते. चाची भिंतीकडं तोंड करून तो आवाज ऐकत होत्या. मला त्या दिवशी माणसांचीच भीती वाटली.

तेव्हापासून चाची चाचांशी बोलत नाहीत. आमच्याशी बोलतात, दूधवाल्याशी बोलतात. चाचा स्वयंपाक करतात, ताट पुढं ठेवतात, त्या जेवतात. चूळ भरायला पाणी पाहिजे असलं तरी तांब्या वाजवतात, नवऱ्याला हाक मारत नाहीत. अखंड वाहणारं ते तोंड एका माणसापुरतं बंद. मला हे सहन होत नव्हतं. एकदा चाचांवरच चिडलो, म्हणालो, "पाया पडा की त्यांच्या." तर म्हणाले, "पडलू. पाय वर घिऊन बसली."

चार्जर लागला, चांगला चालतो. माझं घर त्यावर चालतं, खोटं कशाला बोलू? चाचींचा पलंग होता तिथं आता गाडी लागते. गाडी भरेपर्यंत माणसं ताटकळतात, मोबाईल बघत येरझाऱ्या घालतात. चाचांनी हे दोन-चार दिवस बघितलं आणि मग प्रत्येकाला सांगायला लागले, "हितं उनात काय थांबता? वर चला. वर आमची मानसं हायत, चा घ्या." अनोळखी माणसं चकित व्हायची, पण जायची. चाचा मागनं चहा करून नेतात, उंबऱ्यावर ट्रे ठेवतात, आत जात नाहीत. स्वतःचा कप घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसतात. पाहुणे असले की आत परत सोयरिकी निघतात, बाळंतपणं निघतात. गाडी भरली की मी खालून हाक मारतो आणि माणूस उठायला कुरकुर करतो.

परवा वरंध्याकडं निघालेल्या एक बाई अशाच वर बसल्या होत्या. मी चाचींचा पंखा दुरुस्त करत स्टुलावर उभा. गप्पा रंगल्या होत्या. बाईंचं लक्ष दाराबाहेर गेलं आणि त्यांनी हळूच विचारलं, "बाहेर बसलेत ते कोण?"

चाचींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "त्ये व्हय? त्ये मालक हायत बिल्डिंगीचं. आमी भाडेकरू."

"अच्छा. पुष्कळ वर्षं झाली का इथं?"

"लगीन झालं तवापास्नं," चाची म्हणाल्या.

बाईंनी मान डोलावली. त्यांना त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. माझे मात्र हात थांबले. वायर तशीच लोंबती सोडून मी स्टुलावरून उतरलो आणि जिन्यात आलो. चाचा कप दोन्ही हातांत धरून बसले होते.

"ऐकलंत?" मी विचारलं. मला वाटलं हा म्हातारा आता रडणार.

"ऐकलं की," चाचा म्हणाले. आणि सरकून त्यांनी मला पायरीवर जागा करून दिली. "लई दिसांनी माझ्याबद्दल बोलली."